पालकांचा बाक

४ जुलै

आत येऊ का, सर?

तू हो म्हणायची वाट बघत नाही. उशिरा आलेली पोरं तुझ्या वर्गाच्या दाराशी अख्खा तास उभी राहायची म्हणे. मी काही राहणार नाही, मी तुझी आई आहे. फोन तू उचलत नाहीस. म्हणजे बायकोचा उचलतोस, पण तोही 'ठीक आहे' एवढंच म्हणायला. म्हणून भिंगरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून बसलेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीची हजेरी निम्मीच. चुका काढायच्या तर काढ, फक्त लाल शाईने काढू नकोस.

तर बातमी अशी की मी शाळेत जायला लागले.

हसलास का? नसशीलच. तुझ्या मुलीच्या, भिंगरीच्या शाळेत, तुझ्याच जुन्या शाळेत, दहावीच्या वर्गात. तू नोकरी सोडून तिकडे लांब क्लासमध्ये शिकवायला गेलास, त्यानंतर मोठ्या बाईंनी एक नवीनच टूम काढली. दहावीच्या वर्गांत मागच्या भिंतीला लागून एक रिकामा बाक ठेवला. पालकांचा बाक. कुणाचीही आई, बाप, आजी, आजोबा यावेत, तासभर बसावं, बघावं आणि गुपचूप उठून जावं. अट एकच, तोंड उघडायचं नाही. मी मोठ्या बाईंना विचारलं, ही काय भानगड? त्या म्हणाल्या, वर्गात काय चालतं ते शिक्षक घरी सांगत नाहीत आणि पोरंही सांगत नाहीत. तिसरं माणूस बसलेलं असलं की दोघंही जरा माणसात राहतात.

आता तोंड उघडायचं नाही म्हणजे माझ्यासाठी केवढं संकट, तुला माहीत आहे. मी तोंड मिटते ती फक्त झोपेत, आणि सूनबाई म्हणते, झोपेतही नाही. पण बाकीच्या पालकांना नोकऱ्या आहेत, कामं आहेत. त्यामुळे तो बाक माझाच झालाय. शिपाई आता विचारतो, "आजी, आज उशीर?" भिंगरीने पहिल्या दिवशी बजावलं होतं, की आजी, माझ्याकडे बघायचं नाही, हात हलवायचा नाही. मी हलवला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

काय सांगू तुला, किती मजा येते. घंटा झाली की पोरांच्या आधी मी बाकावर. खडूचा तो वास. शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू येतात, माझे ओठ आपोआप हलतात. बीजगणित म्हणजे तराजू असतो हे मला या वयात कळलं. एका पारड्यातलं काढलं तर दुसऱ्यातलंही तेवढंच काढायचं. एवढी सोपी गोष्ट घरात गणिताचा सर असून कुणी सांगितली नव्हती.

सांगितली ती तुझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी. बारीक आहेत, आवाजही बारीक. वर्गात आल्या की पोरांना विचारतात, "मी सुरू करू का?" आणि तपासलेले पेपर स्वतः बाकापाशी जाऊन हातात देतात. कमी मार्क असतील तर घडी घालून देतात, शेजारच्याला दिसू नयेत म्हणून.

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. नाही, टोचायलाच लिहितेय. म्हातारपणी खोटं बोलून कुठे फेडू.

तुझा डावा गुडघा कसा आहे? जिने कमी चढ.

आई


१५ जुलै

तुझं कार्ड मिळालं. 'तब्येत बरी आहे. शाळेबद्दल लिहू नये.' दहापैकी दोन मार्क. त्यातला एक टपाल पोचलं म्हणून.

शाळेबद्दल नाही लिहायचं तर काय लिहू, मी तर दिवसभर तिथेच असते. ऐक. सोमवारी नव्या बाईंनी फळाभर एक गणित सोडवलं आणि विचारलं, "कोणाला कळलं नाही?" कुणाचाही हात नाही. मला काडीचंही कळलं नव्हतं. बोलायची बंदी आहे, हात वर करायची कुठे आहे? केला वर. वर्ग खो खो हसला. भिंगरीने डोकं बाकावर टेकलं. पण बाई हसल्या नाहीत. "आजींसाठी पुन्हा एकदा," म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगितलं. आणि बघते तर काय, निम्मी पोरं खाली मान घालून भराभरा उतरवून घेतायत. त्यांनाही कळलं नव्हतं. विचारायची सवय नाही. ती कुणी मोडली, हे मी लिहीत नाही, शाळेबद्दल लिहू नये असा हुकूम आहे.

पोरं तुला 'करवत' म्हणायची, माहीत होतं तुला? येताना कापते, जाताना कापते. मला शिपायाने सांगितलं, बिचाऱ्याने मग जीभ चावली. मी किती वर्षं भाजीवालीला, शिंप्याला, डॉक्टरला सांगत फिरले, माझा मुलगा गणिताचा सर. ते सगळे मान डोलवायचे. त्यांचीही पोरं तुझ्याच शाळेत होती ना. मान डोलवताना त्यांच्या मनात काय असेल, ते आता कळतंय.

पेपरांची हकिगत मला भिंगरीने नाही सांगितली. तिच्या शेजारी बसते ती चष्मिष आमच्याकडे अभ्यासाला येते, तिने सांगितली. शांतपणे सांगितली, पावाला लोणी लावता लावता. वरच्या नंबरांचे पेपर तू हातात द्यायचास. मधले टेबलावर ठेवायचास, ज्याचा त्याने येऊन घ्यायचा. आणि नापासांचे टेबलापाशी उभा राहून भिरकावायचास. चष्मिषचा पेपर बाकाखाली गेला. ती गुडघ्यांवर बसून काढायला लागली, तर तू म्हणालास, "तिथेच बस. तुझी जागा तीच आहे." वर्ग हसला. भिंगरीही हसली. हेही चष्मिषनेच सांगितलं, आणि म्हणाली, "आजी, तेव्हा सगळेच हसले हो." जणू भिंगरीची बाजू मांडत होती.

आपली पोरगी हसली खरी, पण ते हसू तिला पचलं नाही. पुढच्या चाचणीला तू पेपर भिरकावलेस आणि कुणी उचलायला उठलंच नाही. ज्यांच्या हातात दिलेस, त्यांनीही आपापले जमिनीवर ठेवले. अख्खा वर्ग हाताची घडी घालून बसलेला, खाली सगळीकडे पेपर. तू विचारलंस, ही अक्कल कुणाची? तुझी मुलगी उभी राहिली.

त्या दिवशी घरी येऊन तू म्हणालास, घरात साप पाळला. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. ती पलीकडच्या खोलीत होती. तिलाही आलं असणार, आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. त्यानंतर तू गेलास. लोकांना मी सांगते, तिकडे पगार जास्त आहे.

लोणी लावलेला पाव चष्मिषने भिंगरीला दिला. पोरींची मैत्री टिकली बघ. हेच काय ते शिल्लक.

आई


२९ जुलै

आज टोमणे नाहीत. आज मला राग आलाय, आणि तोही तुझ्यावर एकट्यावर नाही.

तुला हाकलणारी ती शूर पोरं, मानासाठी उभी राहिलेली, ती नव्या बाईंना 'मेणबत्ती' म्हणतात. बाईंनी फळ्याकडे पाठ वळवली की मागून कुणीतरी फुंकर मारतं. फू. मला आधी वाटलं उकडतंय पोरांना. बाई विचारतात, "सुरू करू का?" तर सगळी एका सुरात म्हणतात, "नको." पहिल्या दिवशी बाई हसल्या. दुसऱ्या दिवशीही हसल्या. परवा त्यांच्या हातातला खडू मोडला, आणि त्या मोडलेल्या तुकड्यानेच लिहीत राहिल्या. मी गप्प. अट.

काल त्यांनी गृहपाठाच्या वह्या मागितल्या. पोरं एकेक उठून टेबलावर ठेवत होती. भिंगरी उठली, दोन बाक पुढे गेली, आणि तिथूनच वही भिरकावली. वही टेबलावरून घसरत जाऊन पलीकडे बाईंच्या पायाशी पडली. बाई वाकल्या, वही उचलली, इतर वह्यांवर ठेवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तो हात तुझा होता. मनगटातून झटका, आणि बोटं शेवटी अशी पसरलेली. तू वर्गात कसा फेकायचास ते मी पाहिलं नव्हतं. काल पाहिलं.

घरी आल्यावर मी तिला धरलं. म्हणाली, बाईंची काही तक्रार नाही, मग तुला काय त्रास आहे. मी म्हटलं, ज्याने लाथ मारली त्याला सोडून तू जो समोर सापडला त्याला मारतेस. तर काय म्हणाली, तिच्याच शब्दांत लिहिते.

"आजी, बाबांना सगळे घाबरायचे. बाबा कधी वाकले नाहीत. ही बाई माझी वही उचलते. तिला मान कसला द्यायचा?"

ऐकलंस? पंधरा वर्षांची पोर. तुला घरातून जायला लावलं तिने, आणि तुझा धडा मात्र पाठ करून बसलीय. वाकतो तो हलका, असं तिला वाटतं. असं नाही ते, हे तिला मी सांगून पटत नाही. मी जन्मभर वाकूनच केर काढला, माझं कोण ऐकतं.

मी म्हटलं, उद्या जाऊन बाईंची माफी माग. म्हणाली, "बाबांनी मागितली चष्मिषची?"

हा प्रश्न तसाच तुला पाठवते. उत्तर असलं तर कळव.

मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, नव्या बाई सोडून जायचं म्हणतात. पुढच्या चाचणीचे पेपर दिले की निरोप. एका शिक्षकाला या पोरांनी घालवलं, आता दुसरीला घालवतील. पहिला गेला तेव्हा चूक त्याचीच होती, माझ्या पोटचा असला म्हणून काय झालं. दुसरी जाईल तर माझ्या नातीच्या हाताने जाईल, आणि ही पोर जन्मभर असंच समजून चालेल की मान असाच मिळवायचा असतो. तुझ्यासारखी होईल. हे मी शिवी म्हणून लिहीत नाही. तू एकटा राहतोस, एकटा जेवतोस, तसं तिचं होऊ नये एवढंच.

म्हणून सांगते, ये. सर म्हणून नको, बाप म्हणून ये. एक तास त्या बाकावर माझ्याशेजारी बस. कुणाची माफी माग म्हणत नाही, तुझ्याकडून ते व्हायचं नाही, मी जन्म दिलाय तुला. नुसता मागे बस. तिला दिसू दे की तू मागेही बसू शकतोस.

आई


८ ऑगस्ट

या वेळी पाच ओळी. प्रगती आहे.

'मी फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस आहे. मागच्या बाकावर बसणार नाही.' वाचलं. 'आधी मुलीने माफी मागावी.' तेही वाचलं. मी ते सूनबाईला दाखवलं. हॉस्पिटलातून दुपारपाळी करून आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. वाचून म्हणाली, "आई, दगडावर पाणी ओतताय." मी म्हटलं, पाणी कुठे विकत आणलंय. मग म्हणाली, मला यात ओढू नका. झोपायला गेली. बराच वेळ खोलीत दिवा होता मात्र.

तुम्ही बापलेक उघड्या दाराच्या दोन बाजूंना उभे आहात, आणि दोघंही म्हणता, दार बंद आहे.

असो. पेपर अठराला मिळणार आहेत, तिसऱ्या तासाला. मी असेनच. बाकावर एका माणसाची जागा आहे. सूनबाई काहीही म्हणो, मी काही एवढी जाड नाही.

आनंदाची एक बातमी राहिली. मी एक समीकरण एकटीने सोडवलं. उत्तर चुकलं, पण रीत बरोबर होती. बाईंनी रीतीचे मार्क दिले. रीतीलाही मार्क असतात, हे तुझ्या वर्गात होतं का?

आई


१९ ऑगस्ट

तू काल होतास, तर मग मी कशाला लिहितेय? कारण तू बहुतेक वेळ आपल्या बुटांकडे बघत होतास. तुला न दिसलेलं लिहिते.

तू दारात आलास आणि अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. बाक केवढे करकरले. ती पोरं नव्या बाईंसाठी एकदाही उभी राहिलेली नाहीत. त्या वेळी बाईंचा चेहरा मी पाहिला. तू नाही पाहिलास. आत येऊ का, हेही तू त्यांना विचारलं नाहीस. सवयीने फळ्याकडे दोन पावलं टाकलीस, मग थांबलास, आणि मागे आलास. माझ्या शेजारी बसलास तेव्हा तुझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. लहानपणी याच पोराला मी शाळेत सोडायला जायचे, तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते, असं काहीबाही मनात आलं. खरं सांगते, मला फार आनंद झाला. त्या तासाला फुंकर कुणी मारली नाही. ती भीती होती, बाईंनाही कळत होतं. पण तासभर बिचाऱ्यांचा खडू मोडला नाही.

पेपर वाटले. भिंगरीचा घडी घालून दिला. पुढचं तू पाहिलंस, पण मागून. मी जरा वाकून बाजूने पाहिलं. तिने घडी उघडली. मार्क बघितले. मग हात बाकाबाहेर धरला आणि बोटं उघडली. भिरकावला नाही. नुसता सोडला. पेपर तिथेच पडला, दोन बाकांच्या मधल्या वाटेत. सगळ्या वर्गाला कळलं ते कुणासाठी होतं. इतकी शांतता तुझ्या काळातही नसेल.

नव्या बाई परत यायला लागल्या होत्या. त्यांच्याआधी तू उठलास. बाक धरून उठलास. मला वाटलं, चालला हा. तू वाकलास. तुझ्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. पेपर उचललास, तळव्याने झटकलास, आणि तिच्यापुढे पालथा ठेवलास. मार्क बघितले नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी पेपर हातात घेऊन तू मार्क बघितले नाहीस.

"तुझा पडला होता," म्हणालास.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "थँक्यू, सर."

तो शब्द तुला कुठे लागला ते मला दिसलं. तू तसाच दाराबाहेर गेलास. मी फाटकापर्यंत धावले, या वयात. तर तू म्हणालास, "सांगत होतो ना, काही उपयोग नाही." आणि बस धरलीस. घरी आला नाहीस. सूनबाईने सुट्टी घेतली होती. ते तिने तुला कळवलं नसेल, मलाही संध्याकाळीच कळलं.

आता तू गेल्यानंतरचं. ती रडली नाही, उगाच तसलं काही मनात आणू नकोस. पेपर पालथाच ठेवून बसली. घंटा झाली, पोरं बाहेर पडली, ती टेबलापाशी गेली. मला लांबून ऐकू येत नव्हतं, म्हणून मी खिडकी लावायच्या निमित्ताने पुढे गेले. ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी वही पडली नव्हती. मी फेकली होती."

बाई म्हणाल्या, "माहीत आहे. आजपासून हातात दे."

एवढंच. पाठीवरून हात फिरवला नाही, काही नाही. मला आवडलं ते. त्या सहामाहीपर्यंत राहणार आहेत, मोठ्या बाई म्हणाल्या. आज फळ्याकडे वळल्यावर पुन्हा एक फुंकर आलीच. भिंगरी हसली नाही, एवढाच फरक. बाकीची हसली.

आणि एक. चष्मिष काल खिडकीकडच्या बाकावर होती. मुद्दाम बाजूला बसली होती की काय, कोण जाणे. तुमच्या बापलेकीच्या नाटकात तिला कुणी विचारलं नाही. तुला ती ओळखू तरी आली का? जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, तिच्या बाकावरून तू जाताना आणि येताना, दोन्ही वेळा गेलास. करवतीसारखाच. तिने पाय आत घेतले, तुला वाट द्यायला.

संध्याकाळी भिंगरी चपला काढता काढता म्हणाली, "बाबांचा गुडघा फारच दुखतो का गं?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, त्याला विचार. म्हणाली, "नाही विचारणार." तर ते तसं आहे. वर्गात सर म्हणाली, घरात बाबा म्हणाली. तुझ्या तोंडावर मात्र अजून काहीच म्हणालेली नाही.

पुन्हा येशील तेव्हा घरी ये. माझ्या दाराशी थांबायची गरज नाही, ढकललंस तर उघडेल. तिच्या खोलीच्या दाराशी मात्र थांब. 'आत येऊ का?' असं विचार. ती लगेच हो म्हणायची नाही, तुझीच मुलगी आहे ती. तू उशिरा आलेल्या पोरांना दाराशी उभं ठेवायचास ना, अख्खा तास, तसं वाटेल तुला.

उभा राहा. गुडघा दुखला तरी.

आई